पांढरं पोवळं

“हाडं घरात ठेवत नसतेत, हेमा,” सासूबाई म्हणाल्या.

मी अजून खांद्यावरची बॅगसुद्धा खाली ठेवली नव्हती. वीस दिवसांचं सरकारी प्रशिक्षण संपवून, नाशिकपासून दिवसभर बसमध्ये भाजून, बुधवारी संध्याकाळी पाचला अकोल्यात घरी पोचले होते आणि चपला न काढता आधी माझ्या पोवळ्यांच्या टाकीपुढे जाऊन उभी राहिले होते. कूलर घरघरत होता, पंप चालू होता, पाणी काचेवरच्या रेघेपर्यंत बरोब्बर भरलेलं होतं. दोन नारिंगी मासे नेहमीसारखे काचेशी आले. पण त्यांच्या मागे, जिथे मी लाल, हिरवं, जांभळं सोडून गेले होते, तिथे सगळं पांढरं होतं. चुन्यात बुडवून काढावं तसं पांढरं.

“मेलं सारं,” माझा नवरा, दिवाकर, दारातून म्हणाला. “आधी फिकं पडलं, मंग पांढरं. तुले फोनवर सांगतलं नाही. म्हटलं, परीक्षा हाय तुही.”

“एवढ्यात मरत नाही ते.”

“पाय ना डोयानं. मरायचं काय रायलं त्याचं?”

याला आता बारा वर्षं होतील. तेव्हा मी एकोणचाळीस वर्षांची होते आणि पाणी तपासणीच्या सरकारी प्रयोगशाळेत सहायक रसायनी होते. ज्यांना अकोला माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या जिल्ह्याचा मोठा पट्टा खारपाणाचा आहे. विहीर खणा, बोअर मारा, लागेल ते पाणी खारट. गावोगावच्या बाटल्या माझ्या टेबलावर यायच्या आणि ‘पिण्यास अयोग्य’ असा शेरा लिहून लिहून माझं अक्षर सुधारलं. सासूबाई याच पट्ट्यातल्या गावात जन्मल्या आणि याच पट्ट्यातल्या गावात नांदल्या. सासरे गेल्यावर त्या आमच्याकडे शहरात आल्या, तेव्हा नळाचं गोडं पाणी पाहून त्यांना देव भेटला. आणि त्याच घरात त्यांच्या सुनेने तीन फुटांची टाकी आणून, पोत्याने मीठ विकत घेऊन, हाताने खारं पाणी कालवायला सुरुवात केली.

“जिंदगीभर खाऱ्या पाण्यानं छळलं,” त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, “अन् हे बाई पैसे देऊन घरात खारपाण करून राह्यली.”

लोक हसायचे, मीही हसायचे. समुद्र आमच्यापासून पाचशे किलोमीटरच्या वर. त्यात पोवळी म्हटली की लोकांना अंगठीतला मंगळाचा खडा आठवतो. पोवळं हा जिवंत प्राणी असतो, तो जेवतो, वाढतो, रात्री पसरतो आणि दिवसा आवरतो, हे मी पाच वर्षं घरच्यांना सांगत होते. पालथ्या घड्यावर पाणी. माझी पोवळी समुद्रातून तोडलेली नव्हती. परदेशात मुद्दाम वाढवलेली, रीतसर कागदपत्रांसह आलेली, सात तुकडे. त्यातला माझा सगळ्यांत लाडका म्हणजे मेंदू. दिसायला थेट मेंदूसारखा, वळ्यावळ्यांचा, मुठीएवढा, कडेने लाल आणि मधे हिरवा. त्या संध्याकाळी तो खडूसारखा दिसत होता.

आता हे पोवळ्यांचंच दुःख असतं तर मी चार दिवस रडले असते आणि मोकळी झाले असते. पण माझ्या पर्समध्ये एक पत्र होतं. प्रशिक्षणाच्या शेवटच्या दिवशी ते हातात पडलं होतं. यवतमाळच्या प्रयोगशाळेची प्रमुख म्हणून बढती, तीन वर्षांसाठी. संमतीचा कागद सोमवारपर्यंत द्यायचा होता, नाहीतर नंबर पुढच्या माणसाला. अकरा वर्षं मी या पत्राची वाट पाहिली होती. मुलगी औरंगाबादला शिकत होती, म्हणजे घरात माझ्यावाचून उपाशी राहील असं लहान कोणी नव्हतं. तरी मी पत्राचं बोलले तेव्हा दिवाकरने आधी पत्राकडे पाहिलं, मग टाकीकडे.

“वीस दिवस घर सोडलं तं हे झालं,” तो म्हणाला. “तीन वर्षं सोडशील तं काय होईल? अन् आईकडं कोण पाहील?”

“टाकीचा आणि बदलीचा काय संबंध?”

“बाई घरात नसली की घराचं असं होते. बाकी काही नाही.”

सासूबाई जपमाळ घेऊन आत गेल्या. पण जाताना पुन्हा म्हणाल्याच, “रविवारी मनोहर येऊन राह्यला. त्याच्या आधी हाडं काढून टाक, बाप्पा.”

मनोहरराव म्हणजे माझे भासरे, दिवाकरचे थोरले भाऊ. अकोटकडे शेती, एकदा सरपंचकी. घरातला कुठलाही निर्णय त्यांच्यापुढून गेल्याशिवाय पक्का होत नसे. म्हणजे रविवारी माझ्या बदलीची पंचायत बसणार होती आणि टाकी साक्षीदार म्हणून उभी राहणार होती, तीही विरोधी पक्षाची.

नागपूरच्या ज्या दुकानातून मी मीठ मागवायची, त्या रिझवानभाईंना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “ताई, पांढरं पडलं म्हणजे गेलं. टाकून द्या, नाहीतर सडेल अन् मासेही जातील. मी मागच्या साली माझं अर्धं दुकान असंच फेकलं.”

“वास येत नाहीये, रिझवानभाई. सडलेल्याला वास येतो.”

“येईल दोन दिवसांत.”

“मग दोन दिवसांनी फेकीन.”

मला राग आला की माझी अक्कल जरा चांगली चालते. पोवळ्याच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं. भाडेकरूच म्हणा. पोवळं त्याला जागा देतं आणि ते शेवाळ उजेडावर स्वयंपाक करून मालकालाही वाढतं. रंगही बराचसा त्याचाच. पोवळ्याला काही सोसेनासं झालं की ते या भाडेकरूंना बाहेर काढतं. मागे राहतं ते पारदर्शक मांस, आणि त्यातून आतला पांढरा सांगाडा दिसतो. म्हणजे पांढरं पडलेलं पोवळं मेलेलं नसतं, उपाशी असतं. घरात स्वयंपाक करणारं गेलं तर माणूस त्याच दिवशी मरत नाही. हां, महिनाभर कोणी वाढलं नाही तर मरतो.

मग वाढायला हवं होतं. मी अंघोळ केली आणि बाजारात गेले.

सासूबाईंच्या गळ्यात माळ होती. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नसे. मी स्टीलच्या डबीत पावशेर झिंगे घेऊन आले आणि डबी ओट्यावर न ठेवता टाकीशेजारच्या स्टुलावर ठेवली. एवढीच काय ती माझी मर्यादा.

“काय आणलं थे?” सासूबाईंनी विचारलं.

“झिंगे.”

त्यांनी पदर नाकाला लावला. मला वाटलं, आता आकाशपाताळ एक होणार. दिवाकरही टीव्हीचा आवाज कमी करून बसला.

“या घरात? माह्या देवासमोर?”

“देवासमोर नाही, आई. टाकीसमोर. तुम्ही म्हणता हाडं आहेत. हाडं आहेत की नाहीत ते पाहू. जेवली नाहीत तर मी स्वतः मोर्णा नदीत नेऊन टाकीन.”

सात वाजले होते. मी टाकीचा दिवा बंद केला, खोलीचाही केला, फक्त स्वयंपाकघरातला उजेड राहू दिला. पोवळी अंधार पडला की जेवायला बसतात. अर्धा तास काही झालं नाही. दिवाकर दोनदा येऊन पाहून गेला. सासूबाई मात्र पदर नाकाला लावून तिथेच उभ्या होत्या. मी बसा म्हटलं तरी बसेनात. मग मेंदूच्या एका वळीतून दोऱ्याएवढं काहीतरी बाहेर आलं, पाण्यासारखंच पारदर्शक. मग दुसरं. मी चिमट्यात झिंग्याचा तांदळाएवढा तुकडा धरला आणि हळूच त्यावर ठेवला.

तुकडा तिथेच राहिला. मग तो जरासा आत गेला. मग वळीच्या दोन्ही कडा त्याच्यावर आल्या आणि तुकडा दिसेनासा झाला.

सासूबाईंचा पदर खाली आला होता. त्या काचेला नाक लावून वाकल्या होत्या.

“खाऊन राह्यलं काय वं हे?”

“हो.”

“दात नाही, तोंड नाही, अन् खाऊन राह्यलं?”

“तोंड आहे. तुम्हाला दिसत नाही एवढंच.”

त्या बराच वेळ पाहत राहिल्या. मग ताठ झाल्या आणि दिवाकरकडे वळून म्हणाल्या, “जेवते त्याले टाकत नसतेत.” आणि देवापाशी जाऊन दिवा लावला. त्या दिवसापासून हाडं हा शब्द त्यांच्या तोंडून गेला. झिंग्यांच्या डबीलाही त्यांनी एक जागा नेमून दिली, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, वर कांद्याची टोपली ठेवून. देवाला दिसू नये म्हणून असावं.

पण कशाने झालं, हे अजून कळलं नव्हतं. दिवाकर म्हणे उन्हाने. दुपारी वीज जाते, कूलर बंद पडतो, पाणी तापतं. पटण्यासारखं होतं. मीही बुधवारची रात्र तेच धरून चालले. पण गुरुवारी सकाळी टाकीचा तळ चाळला तर काचेवरचं शेवाळ खायला सोडलेल्या माझ्या अकराच्या अकरा गोगलगायी मेलेल्या सापडल्या, शंख रिकामे. आणि मासे धडधाकट. पाणी तापलं असतं तर आधी मासे तळमळले असते. माशांना चालेल आणि गोगलगायीला चालणार नाही, असं पाण्यात काय असतं, हा प्रश्न कुठल्याही रसायनशास्त्राच्या पोराला विचारा. मी बाटली भरून प्रयोगशाळेत घेऊन गेले. खाऱ्या पाण्याला आमची नेहमीची पद्धत सरळ चालत नाही, म्हणून पातळ करून दोनदा तपासलं. शुक्रवारी दुपारी निकाल आला.

तांबं. मासे सहज सोसतील एवढं आणि बाकी सगळ्यांचा जीव घेईल एवढं.

मी मीठ तपासलं, त्यात नव्हतं. पंप उघडून पाहिला, सगळा प्लास्टिकचा. टाकीतलं पाणी उन्हाळ्यात रोज चार-पाच लिटर उडतं. पाणी उडतं, मीठ मागे राहतं, म्हणून वरून फक्त शुद्ध गोडं पाणी घालायचं असतं. त्यासाठी आर.ओ.चं पाणी कॅनमध्ये भरून ठेवलेलं असे. मी गेल्यापासून ते काम सासूबाईंकडे होतं, आणि रेघ पाहता त्यांनी ते डोळ्यांत तेल घालून केलेलं होतं. मी कॅनमधलं पाणीही तपासलं. तांब्याचा मागमूस नाही. मी निकालाचा कागद घडी करून पर्समध्ये ठेवला, तांबं ओढून घ्यायला टाकीला कोळशाची पिशवी लावली, निम्मं पाणी बदललं, दिव्यावर जुनी ओढणी बांधून उजेड कमी केला. उपाशी माणसाला उन्हात उभं करू नये, एवढं तर कळतं.

शनिवारी सुटी होती. संध्याकाळी मी ओसरीत वाळलेले कपडे काढत होते आणि मोरीत पाणी ओतल्याचा आवाज आला. पाहते तर सासूबाई बसलेल्या. समोर त्यांची माहेरची घागर, तांब्याची, चिंचेने घासून आरशासारखी लख्ख केलेली. आणि त्या माझा कॅन वाकडा करून, एक थेंब सांडू न देता, त्या घागरीत रिकामा करत होत्या.

“आई, हे काय करता?”

“उद्याचं पाणी भरून ठेवून राह्यली. तुह्या समुद्राचं.”

“कॅनमधून सरळ नाही टाकत?”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच अडाणी. “प्लास्टिकातलं पाणी? तूच सांगून गेली ना, चांगलं पाणी टाका म्हणून. चांगलं पाणी म्हंजे कोणतं? रातभर तांब्यात राह्यलेलं. मी रोज घागर घासतो, रोज भरतो, अन् पहाटे अंघोळ झाल्यावर टाकतो. एक दिवस चुकली नाही.” मग घागरीच्या काठावरून हात फिरवत म्हणाल्या, “आमच्या गावात विहिरीचं पाणी तोंडात घालवत नव्हतं. दोन कोसावरून गोडं पाणी आणत होती माही माय. थे या घागरीत रायचं. पाहुण्यासाठी. आम्हा लेकराईले नाही, फक्त पाहुण्यासाठी.”

मी हातातले कपडे घेऊन उभी होते. आता खरं सांगायचं तर मला त्या क्षणी आनंद झाला. लाजिरवाणा होता, पण झाला. सापडलं. म्हणजे मी गेले म्हणून नाही. माझ्याकडे कागद आहे, त्यावर आकडा आहे, आणि आता त्या आकड्याला घागरही मिळाली. रविवारी मनोहररावांपुढे हे ठेवलं की तोंडातून शब्द निघणार नव्हता कोणाच्या. मग तो आनंद ओसरला आणि राहिल्या त्या समोर बसलेल्या बहात्तर वर्षांच्या बाई, चिंचेने बोटं काळी झालेल्या. करायला गेल्या गणपती आणि झाला मारुती. पाहुण्याचं पाणी त्यांनी माझ्या पोवळ्यांना पाजलं होतं. घरच्या माणसालाही जे मिळालं नव्हतं ते.

“राहू द्या, आई. आता मी टाकत जाईन,” मी म्हणाले.

त्या काही दुधखुळ्या नव्हत्या. माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि हात थांबला.

“हेमा. माह्या हातून काही झालं काय?”

खोटं बोलणं सोपं होतं. उन्हाने झालं म्हणाले असते तर दिवाकरने टाळी दिली असती. पण ज्या बाईने अर्धा तास उभं राहून दोऱ्याएवढ्या जिवाला जेवताना पाहिलं, तिला मी काय म्हणून फसवायचं?

“हो,” मी म्हणाले. “तांब्यानं झालं. तांबं पाण्यात उतरतं. माणसाला चालतं, यांना विष असतं. गोगलगायीही त्यानंच गेल्या.”

“माणसाले चालते अन् यायले नाही चालत?”

“नाही चालत.”

“तुले कसं समजलं?”

“तपासलं. कागद आहे माझ्याकडे.”

त्यांनी घागर उचलली. मी हात पुढे केला तर मला दूर सारलं. अंगणात जाऊन सगळं पाणी तुळशीला घातलं, घागर उपडी ठेवली आणि पायरीवर बसल्या. माझ्याकडे न पाहता त्यांनी विचारलं.

“उद्या मनोहरले दाखवशील थो कागद?”

“माहीत नाही, आई.”

खरंच माहीत नव्हतं. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत.

पोवळ्यांचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते, नंतर सांगायला मला जमणार नाही. सातातली दोन गेली, जांभळं होतं ते आणि त्याच्या शेजारचं. त्यांना वास आला तेव्हा मीच काढून टाकली. बाकीची पाच झिंगे खाऊन आणि अर्ध्या उजेडात तग धरून राहिली. महिनाभराने मेंदूच्या तळाशी पातळ चहासारखा तपकिरी डाग आला. त्याहून कुरूप रंग नसेल, पण भाडेकरू परत आल्याची खूण तीच असते. आधी तपकिरी, मग हिरवा, आणि लाल सगळ्यांत शेवटी. लाल यायला पोळा उजाडला.

रविवारी मनोहरराव अकराला आले. कूलरसमोरच्या खुर्चीत बसले, पाणी प्यायले, टाकीकडे पाहिलं आणि मान हलवली. सासूबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाटावर बसल्या होत्या. दिवाकरने पत्राचं, यवतमाळचं, सोमवारच्या मुदतीचं सांगितलं. मनोहरराव मोठ्या आवाजाचे नाहीत. ते शांतपणे बोलतात, आणि शांतपणे बोलणाऱ्याशी भांडणं फार अवघड असतं.

“हेमा, नोकरीले आमचा इरोध नव्हता कधी. होता काय?”

“नव्हता, दादा.”

“मंग? इथंच राय. पगार येऊन राह्यला, घर चालून राह्यलं. आईचं वय झालं. अन् हे पाय,” त्यांनी टाकीकडे बोट केलं, “पाच साल तू सांभाळलं, कशी झकास होती. वीस दिवस तू नव्हती तं असं झालं. मी टोमणा नाही मारून राह्यलो. सांगून राह्यलो. घराले बाईचा हात लागते.”

“हात लागतो, हे खरं,” मी म्हणाले. दिवाकरने चमकून पाहिलं. त्याला वाटलं मी वितळले.

“मंग झालं तं,” मनोहरराव म्हणाले. “तू गेली म्हणून झालं, हे तुले पटते ना?”

पर्स माझ्या मांडीवर होती. कागद त्यात होता. उंबऱ्याशी सासूबाई खाली मान घालून बसल्या होत्या, हात मांडीवर, बोटं अजून काळी. एक चेन उघडली की मी निर्दोष सुटणार होते. पण मला एकदम त्या सुटण्याचाच राग आला. मी आरोपी केव्हा झाले? कोणी केलं मला? आणि समजा, नसतं तांबं निघालं. समजा, खरंच मी नव्हते म्हणून, कूलर कोणी लावला नाही म्हणून, लक्ष कोणी दिलं नाही म्हणून मेली असती सगळी. तर काय मी यवतमाळला जाऊ नये?

“असं धरा, की मी गेले म्हणूनच झालं,” मी म्हणाले. माझा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. “असं धरा, की सगळं मेलं आणि माझ्यामुळेच मेलं. तरी मी जाणार आहे, दादा.”

मनोहररावांनी दिवाकरकडे पाहिलं, दिवाकरने जमिनीकडे.

“असं कसं चालते?” मनोहरराव शेवटी म्हणाले. “घर तुटलं तं चालते?”

“हेमा गेली म्हणून नाही झालं थे.”

सासूबाई उठल्या होत्या. गुडघ्यावर हात देऊन, भिंतीला धरून, पण उठल्या होत्या.

“आई, तू बस,” दिवाकर म्हणाला.

“बसूनच होती मी. हेमा गेली म्हणून नाही झालं. मी घरी होती म्हणून झालं. मी रोज तांब्याच्या घागरीतलं पाणी टाकलं त्याच्यात. थे पाणी त्यायले विष हाय. तिनं मशीनवर तपासलं, तिच्याजोळ कागद हाय. काल सांगतलं तिनं मले. आज तुमच्यासमोर काढते काय म्हणून मी सकाळपासून पाहून राह्यली. नाही काढला.”

“आई, तू काहून अंगावर घेते?” मनोहरराव म्हणाले.

“अंगावर नाही घेऊन राह्यली. केलं थे सांगून राह्यली. वीस दिवस मी पाय उंबऱ्याबाहेर नाही टाकला, त्याले पाणी चुकू नये म्हणून. बाई घरी राह्यली की घर वाचते म्हणता ना? मी राह्यली घरी. साठ वर्षं झाले, घरीच राह्यली. मले कोणी इचारलं नाही काय वाचलं म्हणून.”

“अन् तुह्याकडं कोण पाहील, ती गेल्यावर?” मनोहररावांनी विचारलं.

“तू मोठा हाय ना? तू पाय.”

मनोहरराव उरलेलं पाणी प्यायले आणि ग्लास खाली ठेवायला त्यांनी फार वेळ घेतला. दिवाकर उठून कूलरमध्ये पाणी टाकायला गेला, जे त्याने सकाळीच टाकलं होतं. सासूबाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

“काढ थो संमतीचा कागद,” त्या म्हणाल्या. “माह्यासमोर सही कर. उद्या मुदत हाय ना?”

मी उठले. एवढ्या जवळून नजर भिडवून, त्यांच्याच बोलीत, मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते.

“सही शुक्रवारीच केली, आई. साहेबाच्या हातात कागद देऊन मंगच घरी आली.”

“शुक्रवारी?” त्यांनी बोटांवर दिवस मोजले. “तवा तं तुले घागरीचं माहीत नव्हतं.”

“नव्हतं.”

“मंग मी कायले बोलली एवढं? तू तं जाणारच होती.”

“जाणारच होती,” मी म्हणाले. “तुम्ही बोलल्या नसत्या तरी गेली असती मी, आई. पण वापस आली नसती.”